येऊन राहिली

आंबील दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. ज्याला हे पटत नाही त्याच्याशी मी वाद घालत बसत नाही, त्यानं खुशाल ताजी प्यावी. येळवशीला शेतात पितात ती ताजी, तिला नुसता ताकाचा आंबटपणा असतो. एक रात्र मडक्यात राहिली की ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं यांचं आपसात जमतं. सकाळी तोंडावरचं फडकं सोडल्यावर जो वास येतो, तो आला की मी जिथं असेन तिथून उठते आणि नांदेडच्या बसस्टँडवर जाऊन उभी राहते. मनानंच हं. वाट बघायला पायानं जायचं मी कधीच सोडलं. पण सोडलं म्हणजे हरले, असं कुणी समजायचं कारण नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आख्खं लातूर घराला कुलूप लावून शेतात जातं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. रस्त्यानं जाणारा कोण, कुठला, हे न विचारता बांधावरून हाळी येते, "ओ पाव्हणं, या आंबील प्यायला!" माझं माहेर चाकूरजवळचं. लग्न होऊन मी भोकरच्या घरात पडले आणि संसार नांदेडात झाला. आमच्या नांदेडच्या गल्लीत त्या दिवशी लोक नेहमीसारखे डबे घेऊन कामावर जातात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते बघून मला रडू आलं होतं.

यंदाही मी येळवशीला चाकूरला गेले. फाट्यावरचा लिंब रस्ता रुंद करताना तोडला, त्यामुळं उतरल्यावर क्षणभर वाटतं की चुकीच्या गावी उतरलो. पण पाणंदीला लागलं की हरभऱ्याची आंब नाकाला झोंबते आणि मग काही विचारावं लागत नाही. शेतात कोप उभी होती. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेली, वरून शाल पांघरलेली, आत चुना फासलेले पाच दगड. त्यांना आम्ही पांडव म्हणतो. कोपीच्या सावलीला आप्पा बसले होते, माझे वडील. पटका तोच, आतलं डोकं तेवढं लहान झाल्यासारखं वाटलं. "आलीस?" म्हणाले. "आले," म्हटलं. आमचं एवढंच असतं.

माझा धाकटा भाऊ बालाजी माझी वाटच बघत होता. त्याचं लातुरात दुकान आहे. त्याच्या लेकीचं, ऋतुजाचं, लग्न फाल्गुनात धरलंय. मुलाकडचे पुण्याचे. ते आज पहिल्यांदा येळवस बघायला शेतात यायचे होते. बालाजीनं मोबाईल माझ्या हातात दिला.

"आक्का, पत्रिकेचा नमुना आलाय. तेवढं नजरेखालून घाल. मंजूर म्हणून कळवलं की दुपारून छापायला घेतेत."

गणपती होता, कुलदैवत होतं. खाली आशीर्वाद म्हणून घरातल्या थोरांची नावं होती. त्यात आप्पांच्या खालोखाल लिहिलं होतं, कै. सौ. प्रयागबाई.

प्रयागबाई म्हणजे माझी माय.

लग्नाच्या पत्रिकेत माणसाच्या नावाआधी एवढंसं अक्षर लावलं की त्याचं सगळं ठरतं. सौ. म्हणजे नवरा आहे. श्रीमती म्हणजे नवरा गेला. चि. म्हणजे लग्न व्हायचंय. आणि कै. म्हणजे कैलासाला पोचला, विषय संपला. आता मला सांगा, माझी माय कैलासाला गेलेली कुणी पाहिली? ती चाकूरच्या फाट्यावर नांदेडच्या येष्टीत बसली, तेवढं पाहिलंय. येष्टी कैलासाला जात नाही.

"हे कै. कुणी टाकलं?" मी विचारलं.

"मी टाकलं. मग काय टाकू?" बालाजी हळू आवाजात बोलत होता, आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून. "सोयरे यायलेत आक्का आज. त्यायनं इचारलं, आजी कुठं हायत, तर काय सांगू? हारवली म्हणू? एवढ्या वर्षांनी? उद्या माझ्या पोरीला तिथं कुणी टोमणा मारला, तुझ्या घरातल्या बाया निघून जातेत म्हणून, तर तू येणार हायस का पुण्याला?"

"येते की. काऊन न्हाई येणार?"

"तुझं बरं हाय, तू नांदेडात. गावानं काय काय म्हटलं ते मी ऐकलंय."

"मी काय बहिरी हाय का? मीबी ऐकलंय."

ऐकलंच होतं. विहिरीत पडली म्हणाले, तर गावातल्या पोरांनी विहिरी धुंडाळल्या. कुण्या महाराजाच्या नादी लागली म्हणाले. निजामाबादच्या स्टँडवर पेरू विकताना दिसली म्हणाले, तर आप्पा आणि बालाजी निजामाबादला जाऊन दोन दिवस पेरू विकणाऱ्या बायांची तोंडं बघून आले. आणि कुणाचा तरी हात धरून गेली, हे तर म्हणायचंच असतं, बाईमाणूस घरी परतली नाही की ते ठरलेलंच. माझ्या मायनं आयुष्यात कुणाचा हात धरला नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा नाही. आम्हीच तिचा पदर धरून पळायचो, कारण ती चालायचीच तशी, झपझप, जणू गाव मागून पेटत आलंय.

बालाजीनं मोबाईल परत खिशात घातला. "जेवणं होस्तोर इचार कर. मग मी मंजूर कळवतो. मला पोरीचं बघायचंय आक्का, तूबी समजून घे."

समजून घ्यायचं ते मी घेतलंच होतं. त्याची चूक नव्हती. पण त्याची चूक नव्हती म्हणून माझ्या मायनं मरायचं, हा कुठला न्याय?

मी भावजयीबरोबर भज्जीच्या पातेल्यापाशी जाऊन बसले. भज्जी म्हणजे येळवशीची भाजी. शेतात जे हिरवं असेल ते सगळं तिच्यात पडतं, हरभऱ्याचा पाला, तुरीचे दाणे, वाटाणे, वाल, पातीचा कांदा, वर चिंचेचा कोळ आणि बेसन. माझी माय ती आदल्या रात्रीपासून घोटायला घ्यायची. तेव्हा घरात करडईच्या तेलाचा, चिंचेचा आणि चुलीच्या धुराचा जो वास भरायचा, तो तिच्या लुगड्याला पुढं चार दिवस यायचा. वरून तिच्या मिसरीचा वास. सकाळी ओसरीच्या कडेला बसून ती दातांना मिसरी लावायची, डोळे मिटून, त्या वेळी घर पेटलं असतं तरी ती उठली नसती. "माय, पाणी दे," म्हटलं की तोंडातल्या तोंडात "हूं" करायची आणि त्या एका "हूं"चे सतरा अर्थ आम्हाला कळायचे.

तिची शिंक आख्ख्या आळीला माहीत होती. ती शिंकली की दावणीचे बैल कान टवकारायचे आणि शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून ओरडायची, "प्रयागे, घर पाडतीस का?" उन्हाळ्यात शेवया करायची. बाजेवर धोतर अंथरून त्यावर शेवयांची जाळी, आणि मी कावळे हाकायला. कावळ्यांपेक्षा मीच जास्त शेवया खायचे, कच्च्या, मऊ, किंचित मिठाच्या. तिला कळायचं. "औंदा कावळे लई झालेत गं," एवढंच म्हणायची आणि माझ्या तोंडाला लागलेलं पीठ पदरानं पुसायची. पावसाळ्यात मुगाच्या शेंगा तोडायला गेलो की ओल्या मातीत तिचे पाय खोल उमटायचे, मी माझे पाय त्यात टाकत मागून जायची. पाय पुरायचे नाहीत. आता पुरले असते. माझा पाय आता तिच्यापेक्षा मोठा आहे, चपला घेताना दरवेळी मला हे आठवतं आणि चपलांच्या दुकानात उभं राहून असलं काही आठवणं फार वाईट.

येळवशीला आंबिलीचं मडकं तिच्या डोक्यावर असायचं. गावाबाहेर पडलो की सगळ्या पाणंदी माणसांनी भरलेल्या, बैलगाड्यांची चाकं कुरकुरत चाललेली, पोरांच्या हातात ऊस. शेतात पोचल्यावर आप्पा कोपीभोवती आंबील शिंपडत फिरायचे आणि आम्ही पोरं मागून "होलगे होलगे" ओरडायचो. त्याचा अर्थ गावात कुणालाच धड सांगता येत नाही. कानडी असावं म्हणतात. मी मायला विचारलं होतं एकदा. ती म्हणाली, "अर्थ कशाला पाहिजे? रानाला कळतंय की."

लग्न होऊन मी भोकरच्या माणसांत गेले आणि माझी जीभ बदलली. लातूरकडं आम्ही म्हणतो, यायलाय, करायलेय, जेवायलेत. सासरी म्हणायचे, येऊन राहिला, करून राहिली, जेवून राहिले. लातूरकडं व्हय, सासरी हाव. जीभ काय, जिथं जेवते तिथली होते. पहिल्या दिवाळीला माहेरी आले आणि चुलीपाशी बसून सहज बोलून गेले, "माय, तू ऊठ, मी भाकरी करून राहिले."

मायनं परातीतून मान वर केली.

"करून राहिलीस? कुठं राहिलीस? आन् भाकरी कुठाय मग?"

"अगं म्हणजे करायलेय."

"तसं म्हण की मग! करून राहिली म्हणं. येऊन राहिली, जाऊन राहिली. आली तर आली, राहिली तर राहिली, दोन्ही एकदम कसं व्हतंय गं?"

आणि हसली. हसताना ती तोंडावर पदर धरायची, पण खांदे हलायचे त्यामुळं लपायचं काही नाही. त्या दिवाळीत तिनं मला बेजार केलं. मी "हाव" म्हटलं की ती बैलाला हाकारल्यासारखं "हाव हाव हाव" करायची आणि बालाजी लोळून हसायचा. मी रुसले. मग रात्री माझ्या केसांना तेल लावताना म्हणाली, "बोल बाई, तिकडलंच बोल. तिथं राहायचंय तुला. मला कळतंय समदं."

नांदेडात येळवस नाही म्हणून मी रडले होते ते तिच्या कानावर गेलं होतं. तर तिनं ठरवून टाकलं. दरवर्षी येळवशीच्या दुसऱ्या दिवशी ती चाकूरच्या फाट्यावरून येष्टीत बसायची आणि मला आंबील आणून द्यायची. कडीच्या डब्यात आंबील, डब्याच्या तोंडाला फडकं, फडक्यावर झाकण. पिशवीत भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे. मी स्टँडवर जायची. ती खिडकीतूनच ओरडायची, "सांडली न्हाई गं! जरासुदिक सांडली न्हाई!" सगळी येष्टी बघायची. घरी येऊन ती पहिला पेला मला द्यायची आणि स्वतः पाणीसुद्धा न पिता माझ्या तोंडाकडं बघत बसायची. "कालच्यापरीस चांगली लागतीया न्हवं?" हे तिचं ठरलेलं. आंबील दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

आणि मग ते वर्ष.

शेजाऱ्यांकडं फोन आला. आप्पा फाट्यावरच्या फोनच्या डब्यातून बोलत होते, ओरडून, कारण फोनवर ओरडावं लागतं असा त्यांचा समज होता. "बसली गं तुझी माय येष्टीत. यायलीय. खिडकीत जागा घावलीय." मी शेजारणीला सांगितलं, "माय येऊन राहिली." घरी जाऊन वरणभात लावला. तिला आवडतो म्हणून लिंबाचं जुनं लोणचं काढलं. स्टँडवर गेले. डिझेलचा धूर, पेरूच्या टोपल्या, गजऱ्यांवर मारलेलं पाणी, आणि भोंग्यातून पुकारली जाणारी गावांची नावं. लातूर–नांदेड गाडी आली. खिडकीतून कुणी ओरडलं नाही. मी आत चढून बाकं पाहिली. पुढची गाडी येईल म्हटलं. पुढचीही आली. त्या दिवशी किती गाड्या आल्या ते मी मोजलं नाही आणि पुढंही कधी मोजलं नाही. पहिलीचा कंडक्टर म्हणाला, डबा घेतलेली बाई होती खरी, कुठं उतरली ते ध्यानात नाही, लोह्यात गर्दी होती.

संपलं. ह्याच्या पुढचं कुणाला काही माहीत नाही. मलाही नाही. का, कशी, कुणामुळं, ह्याचे लोकांनी पुष्कळ अर्थ लावले. मी लावत नाही. अर्थ कशाला पाहिजे?

चौकीत लिहून घेणारा जमादार बोलण्यावरून पार पश्चिमेच्या घाटाकडचा वाटत होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं मला पाणी दिलं, बसायला बाक दिलं. म्हणाला, "सांगा ताई, आई शेवटच्या कुठं होत्या?" मी म्हटलं, "माय माझ्याकडं येऊन राहिली होती, साहेब." त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, आई मुलीकडे येऊन राहिली होती. शब्दाला शब्द माझाच. मी मान हलवली.

माझ्या बोलीत त्याचा अर्थ, माय येत होती, वाटेत होती. त्याच्या बोलीत त्याचा अर्थ, आई आली आणि मुलीकडं मुक्कामाला होती. झालं! चौकशीला माणसं आली ती माझ्याच गल्लीत. किती दिवस राहिली? मुलीच्या सासरच्यांशी पटत होतं का? मुलीचं आणि आईचं भांडण झालं का? चाकूरला आप्पा चौकीत गेले, तर त्यांना सांगितलं, बाई नांदेडला पोचल्याची नोंद आहे, आता तिकडं बघा. अहमदपूर, लोहा, मधले सगळे थांबे तसेच राहिले. ही गल्लत उलगडेपर्यंत जे दिवस गेले ते गेलेच. पुष्कळांनी मला सुनावलं की तू नीट बोलायला पाहिजे होतंस. कशाला? मी नीटच बोलले होते. माझ्या घरात, माझ्या गल्लीत, भोकरपासून नांदेडपर्यंत कुठल्याही शेंबड्या पोराला ते कळलं असतं. ऐकणाऱ्याला कळलं नाही तर बोलणाऱ्यानं मान खाली घालायची, हे मला मान्य नाही. मी त्या दिवसापासून आणखी ठासून तसंच बोलते.

मग तप उलटल्यावर आमचे एक चुलते शास्त्र घेऊन आले. हरवलेल्या माणसाचा एवढ्या वर्षांत पत्ता लागला नाही तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावा-तेरावा करायचा, म्हणजे जीव मोकळा होतो. सगळे माना हलवायला लागले. मी नांदेडहून आले होते. विचारलं, "काका, त्या पुतळ्याला शिंकता येतं का?"

"आँ?"

"माझी माय शिंकली की बैल कान टवकारायचे. तुमचा पुतळा तसा शिंकला की मीच त्याला काडी लावते. न्हाईतर गवत म्हशीला घाला."

चुलते त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. फार बरं वाटलं. पण त्या दिवशी आप्पांनी काय केलं ते मी कधी विसरणार नाही. ते उठले, दर्भाची पेंढी उचलली आणि गोठ्यात नेऊन टाकली. म्हशीनं खाल्ली नाही, ती गोष्ट वेगळी.

दुपारी पुण्याचे सोयरे आले. पांढऱ्या गाडीतून, पाय जपून टाकत. विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. कोपीत वाकून पांडव पाहिले, हरभरा सोलून खाल्ला, हाताला खार लागला तर हसल्या. आंबिलीची वाटी तोंडाला लावून आधी डोळे मिटले आणि मग आणखी मागितली. मला त्या आवडल्या, म्हणूनच मला भीती वाटायला लागली. वाईट माणसाशी भांडायला मी केव्हाही तयार असते.

पंगत बसली. भज्जी, उंडे, खीर. बालाजी वाढता वाढता मधेच माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघत नव्हते. ऋतुजा पलीकडं बसली होती, तिला सगळं माहीत होतं, तिनं घास हातातच धरला होता. आणि विहीणबाईंनी अगदी सहज, खिरीवर तूप घेता घेता विचारलं,

"आणि ऋतुजाच्या आजी? त्या कुठे दिसल्या नाहीत आज?"

बालाजीच्या हातातली तुपाची वाटी थांबली. त्यानं तोंड उघडलं. त्या एका शब्दासाठी त्यानं कितीतरी दिवस तयारी केली असणार, वारली, एवढाच शब्द. तो त्याच्या तोंडातून निघेना. त्यानं आप्पांकडं पाहिलं, कोपीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तो मोठा दुकानदार, पोरीचा बाप, आणि डोळे मात्र त्याचे तेच, मायनं "हाव हाव" केलं की लोळून हसणाऱ्या पोराचे.

मी म्हटलं, "येऊन राहिली."

ठरवून नाही. कुणी मायचं विचारलं की माझ्या तोंडातून हेच येतं, पहिल्या दिवसापासून.

"अच्छा!" विहीणबाईंचा चेहरा उजळला. "इथेच येऊन राहिल्यात का त्या, शेतावर? बरं केलं हो. या वयात आपली जमीन सोडून कुठं करमणार माणसाला?"

तीच गल्लत. शब्दाला शब्द तीच, जमादाराची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं हीच चूक माझ्या उरावर बसलेली, आणि ती आज साजूक तुपातली खीर खात माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. आता हिला सगळं उलगडून सांगते, म्हणून मी जीभ उचलली. आणि समोर हरभऱ्यावरून वारं गेलं. भज्जीचा वास आला. पलीकडं ऋतुजा शिंकली. एवढी मोठी शिंकली की बांधावरचा बैल दचकला आणि विहीणबाईंच्या वाटीतलं तूप सांडलं.

आली तर आली, राहिली तर राहिली, दोन्ही एकदम कसं व्हतंय गं?

होतंय माय.

"हाव," मी म्हटलं. "हितंच राहते ती."

मग आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. इतक्या वर्षांत मायबद्दल चारचौघांत ज्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं, ते आप्पा, फोनवर ओरडायचे तसे मोठ्यानं म्हणाले,

"व्हय. हितंच हाय."

विहीणबाई कदाचित समजल्या, कदाचित नाही. पुढं त्यांनी काही विचारलं नाही, मात्र जाताना कोपीपुढं वाकून नमस्कार केला आणि पर्समधला गजरा काढून तिथं ठेवला. पुढं कधी त्यांना सगळं सांगायचं झालं तर मी सांगीन, ऋतुजा सांगेल. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

जेवणं झाल्यावर बालाजी मोबाईल घेऊन बांधावर गेला. त्याची पाठ आमच्याकडं होती. आमच्या घरात फोनवर सगळेच ओरडतात, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"हां, एवढा एक बदल करा. प्रयागबाईच्या पुढचं कै. काढा… हां, काढा तेवढं… न्हाई न्हाई, सौ. काढू नका. सौ. राहू द्या."

मग तो तिथंच उभा राहिला, बराच वेळ, उपरण्यानं तोंड पुसत. मी गेले नाही. रडू द्यावं माणसाला कधीतरी.

दिवस मावळताना कडब्याच्या पेंढीचा हेंडगा, म्हणजे आमची मशाल, पेटवला. तो घेऊन शेताभोवती पळायचं काम पुरुषांचं. आप्पांचे गुडघे गेलेत, बालाजीचं पोट सुटलंय. ऋतुजानं ओढणी कमरेला खोचली आणि जळता हेंडगा घेऊन बांधानं निघाली, झपझप. आम्ही सगळे ओरडलो, "होलगे होलगे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीनं मडक्यातली आंबील कडीच्या डब्यात भरून दिली. फडकं बांधलं, झाकण लावलं. दरवर्षी मी असा डबा घेऊन जाते. चाकूरच्या फाट्यावरून, नांदेडच्या येष्टीत, खिडकीत. लोकांना वाटतं मला आंबिलीचं वेड आहे. असेल. पण तो डबा त्या वर्षी पोचायचा राहिला होता, आणि मी असेपर्यंत तो दरवर्षी पोचणार. लोह्यात गर्दी चढली. शेजारची पोरगी नाक उडवत म्हणाली, "मावशी, कशाचा वास येऊन राहिला?" मी तिला झाकणात ओतून दिली. पिऊन बघितली तिनं, मग आणखी मागितली.

गाडी नांदेडच्या पुलाच्या अलीकडं आली आणि आमच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, फोन आला. "कुठंय? स्टँडवर येऊन उभा हाय मी."

मी डबा मांडीत घट्ट धरला. थेंबभरसुद्धा सांडली नव्हती.

"येऊन राहिले," मी ओरडून सांगितलं. सगळी येष्टी बघत होती.